आईचा जबडा

"डॉक्टरबाई, हिचा खालचा किडका सुळा काढा, पण उंटिणीला झोपवू नका. हिची आई भुलीतून उठलीच नाही," उंटवाला काकुळतीला आला. बाईंनी टेबलावरचा जबडा उचलला. तो त्या आईचाच होता. उंटवाल्यानंच त्यांना अभ्यासाला दिलेला. हनुवटीजवळच्या भोकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "खालच्या ओठाची, सुळ्याची नस इथून बाहेर येते. तेवढीच बधिर करते. ही जागीच राहील." मग बसलेल्या उंटिणीच्या ओठाखाली तेच भोक चाचपून त्यांनी सुई टोचली. थोड्या वेळानं तिचा खालचा ओठ लोंबला. उंटवाला धावत पुढं आला. "गेली का हो?" "जातेय कुठं? डोळे वटारून तुमच्याकडेच बघतेय. ओठ लोंबला म्हणजे औषध लागू पडलं." सुळा निघाला, तरी उंटीण कान हलवत निवांत बसली होती. उंटवाल्यानं सुळा धुऊन जबड्याशेजारी ठेवला आणि जबडा थोपटला. "लेकीला सांभाळलंस गं, म्हातारे."