पाण्याखालच्या चार ओळी

समुद्राच्या पाण्यात रेडिओच्या नेहमीच्या लहरी विरून जातात. फार लांब लहरी तेवढ्या खाली पोचतात, पण त्यांच्यावरून पाणबुडीतल्या प्रत्येकाला घरून आठवड्याला जेमतेम चार ओळी जातात. पाणबुडीवरून उत्तर येत नाही.

स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्गची आयोना पाणबुडीवरच्या नवऱ्याला, हेमिशला, पाठवायच्या चारांतल्या तीन ओळी सासूवर खर्च करी. "तुझ्या आईने ओटच्या लापशीत पुन्हा मूठभर मीठ घातलं. गिळवत नाही!"

एका सकाळी सासू झोपेतच गेली.

"बाई, वाईट बातमी खाली पाठवत नाहीत," नौदलाच्या तळावरचा अधिकारी म्हणाला. "बिचारा तिथून येणार कसा? सगळं छान आहे असंच लिहा."

डोळे पुसत आयोनाने लिहिलं, "तुझी आई मजेत आहे. लापशी काय सुरेख करते!" पुढेही दर आठवड्याला तसंच लिहीत राहिली.

पाणबुडी परतली. धक्क्यावर ती शब्द जुळवत उभी होती, तोच हेमिशने तिला जवळ घेतलं.

"आई कधी गेली गं?"

"तुला... तुला कोणी सांगितलं?"


"तूच. ज्या आठवड्यात तुला तिची लापशी आवडली, त्याच आठवड्यात."