दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व

नजीरनं इंजिनचं हेड फळीवर उलटं ठेवलं, त्याच्या चारही वाट्यांत काठोकाठ रॉकेल ओतलं आणि तो चहा आणायला गेला. ही त्याची जुनी परीक्षा. चहा पिऊन होईस्तोवर बाजूची भोकं कोरडी राहिली, तर व्हॉल्व नीट बसले. ओल दिसली, तर घासणाऱ्याची मेहनत वाया.

हेड रेणापूरच्या वैजनाथाच्या गाडीचं. त्याला शर्यतीत उतरायचं होतं, इंजिन मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत पळवायचं होतं. एवढ्या वेगात कंपनीची स्प्रिंग दमते. व्हॉल्व पुरता मिटायच्या आत त्याला पुन्हा उघडायची हाक येते. म्हणून नव्या कडक स्प्रिंगा आल्या होत्या, व्हॉल्व उघडणारा नवा कॅम आला होता, आणि व्हॉल्व सोळाच्या सोळा नवे. त्यांतला एक जरी पाझरता राहिला, तर पहिल्याच शर्यतीत जळणार आणि गॅरेजचं नाव घेऊन जळणार.

त्याची बायको वहिदा पोत्यावर बसून वाट्यांकडे बघत होती. पहिल्या दोन सिलिंडरचे व्हॉल्व तिनं घासले होते, पुढच्या दोनचे सुनेनं.

लातूरच्या या गॅरेजात सव्वीस वर्षं व्हॉल्व घासले ते वहिदानंच. व्हॉल्वला चिकटवलेली काठी दोन तळहातांत धरायची आणि ताक घुसळावं तशी फिरवायची. ती डोळ्यांनी नाही, कानांनी घासायची. आधी खरखर, मग सुळसुळ. आवाज मऊ झाला की थांबायचं. नजीर गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "व्हॉल्व आमच्या घरात घासतात."

मग नांदेडहून उमैमा सून होऊन आली, डिप्लोमा घेऊन. तिनं कडेला निळी शाई लावून व्हॉल्व कुठं टेकतो ते दाखवलं आणि नजीर पार हरखला. सहा महिने झाले, दिवसभर एकच. "बेटा, हे बघ." "बेटा, याचं माप घे." वहिदाला इथं 'हे बघ' असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. 'हे घास' म्हटलं होतं.

परवा ती दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व घासत होती, तेव्हा पडद्यापलीकडे ते दोघं नवी स्प्रिंग वजनकाट्यावर दाबून बघत होते. स्प्रिंग टुणकन उडाली. नजीर पोट धरून हसला. असा तो शेवटचा कधी हसला होता, याचा हिशोब वहिदा लावत बसली. हात आपले फिरत राहिले.

नजीर चहाचे तीन ग्लास घेऊन आला. "बघ बेटा."

उमैमा गुडघ्यावर बसली आणि एकेका भोकात बोट घालू लागली. आधी चौथं सिलिंडर, मग तिसरं. तिसऱ्यापाशी वहिदानं श्वास रोखला. अल्लाह माफ करो, सुनेचा व्हॉल्व पाझरावा म्हणून ती दुआच होती. बोट कोरडं निघालं. दुसऱ्यात मात्र ते जरा जास्त वेळ राहिलं, आणि बाहेर आलं तेव्हा चकाकत होतं. उमैमानं ते झटकन ओढणीत लपवलं. मग पहिलंही पाहिलं.

"काय?" नजीरनं विचारलं.

"एक पाझरून राहिलाय, अब्बा."

"तिसऱ्याचा का चौथ्याचा?"

पहिल्या-दुसऱ्याचं त्यानं विचारलंच नाही. उमैमानं एकदा सासूकडे पाहिलं. "तिसऱ्याचा."

"तरीच. डिप्लोमा घेऊन हात येत न्हाई, बेटा. अम्मीचा व्हॉल्व छब्बीस बरसांत पाझरला न्हाई. तिच्यापाशी बस, शीक जरा."

सहा महिने वहिदा याच वाक्याची वाट बघत होती. तिनं चहाचा घोट घेतला. गोड लागला. दुसरा घेतला. उमैमा मान खाली घालून उभी होती, ओढणीतलं बोट तसंच ओढणीत. कामात हुशार निघाली, ते एक वेळ पचलं असतं. आता ही मनानंही चांगली निघाली. सासूसाठी काही म्हणून शिल्लक ठेवायला तयार नव्हती ही पोरगी.

तिसरा घोट न घेताच वहिदानं ग्लास खाली ठेवला.

"दुसऱ्याचा हाय," ती म्हणाली. "माझा."

नजीरचा ग्लास ओठाशी थांबला. "तुझा? तुझा कसा?"

"परवा तुम्ही लई हसून राहिलते. मला व्हॉल्व ऐकू आला न्हाई."

नजीरला काही कळलं नाही. उमैमानं मात्र मान वर केली.

वाट्यांतलं रॉकेल काढलं, स्प्रिंग पुन्हा उतरवली. वहिदानं व्हॉल्वला घासायचा मसाला लावला, काठी तळहातांत धरली. मग जरा सरकून पोत्यावर जागा केली.

"अम्मी, मी घासू?"

"न्हाई. तू कान दे. खरखर मिटली की सांग."

दोघींची डोकी हेडवर वाकली. खरखर सुरू झाली. बाजूला उभ्या नजीरचा चहा केव्हाच संपला होता. "अगं, पण मला जरा सांगा की, हसण्याचं काय…" त्यानं सुरुवात केली.

वहिदानं वर न बघताच हातानं गप्प राहायची खूण केली. उमैमानं ओठावर बोट ठेवलं, तेच बोट. रॉकेलाच्या चवीनं तिचं तोंड वाकडं झालं, पण कान जागचा हलला नाही.