एक स्टार

ताईने लहानपणी ठेवलेल्या 'ढब्बू' या नावानेच तो गेम खेळायचा. पैसे भरून घेतलेली तलवार नव्या अपडेटमध्ये गायब झाली, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. कंपनीच्या चॅटवर तर 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' एवढीच पोपटपंची चालली होती.

"तू माणूस आहेस की मशीन?" त्याने विचारलं.

जरा वेळाने उत्तर आलं, "खरं सांगू? तलवार परत मिळणार नाही. लोकांनी पुन्हा विकत घ्यावी म्हणूनच ती काढलीय. यात आता एक पैसाही घालू नका."

"मला अक्कल शिकवतोय," म्हणत त्याने एक स्टार दिला आणि स्क्रीनशॉटसकट तक्रार ठोकली. या तक्रारीला मात्र कंपनीने तासाभरात उत्तर दिलं: संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून काढलं आहे.

ताई कॉल सेंटरमधून त्या दिवशी लवकर घरी आली. तिथे कुठल्या कंपनीचं काम करते, हे घरातही सांगायची तिला मुभा नव्हती. पिशवीतून तिने आपला कॉफीचा मग आणि खुर्चीवरची उशी काढून टेबलावर ठेवली.



"आता कंपनीचं नाव सांगायला हरकत नाही, ढब्बू," ती म्हणाली.