तिसरी रेघ

गिडा अकरा वर्षांपूर्वी रंगांची पेटी घेऊन आमच्या कोळीवाड्यात आली नि इथेच राहिली. आज तिनं माझं चित्र पुरं केलं. मासे साफ करणारी मी, नखांतल्या खवल्यांसकट. खाली सही मात्र नुसत्या आडनावाची. “नाव कुठंय गं?” “बाईनं काढलंय कळलं, की कोपनहेगनचे लोक नाकं मुरडतात, मारेनमावशी.” मी भडकलेच. “अगं, जाळ्याच्या तरंगत्या बोयावरसुद्धा घराची खूण असते. वादळात वाहून गेला, तरी लोक दारात आणून देतात. तुझं चित्र कुणाच्या दारात यायचं?” मी चुलीत सळई तापवली, चौकट उलटी करून आमच्या घराची खूण डागली: दोन तिरप्या रेघा. मग तिसरी ओढली. वेगळी चूल मांडणाऱ्या लेकीला आम्ही ती देतो. गिडानं आडनावाआधी नाव लिहिलं. “त्यांनी नाकं मुरडली, तर?” “सांगायचं, ‘माझ्या आईशी गाठ आहे.’”