तारांवरचं नाव

नकाशाची सूचना त्याने सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली, आणि तिथेच चुकलं.

ड्रोन उडवणाऱ्यांच्या ऑनलाइन नकाशात नव्या सोयी आल्या होत्या. आता वाऱ्याचा वेग गल्लीगणिक दिसणार होता. ड्रोन कुठून उडालं, कसं वळलं, त्याची रेघ महिनाभर राहणार होती. सगळ्यात खाली एक ओळ होती. तीन महिन्यांत एकही उड्डाण न केलेल्या पायलटांची नावं त्यांनी नकाशावर केलेल्या खुणांवरून काढण्यात येतील.

"म्हणजे हिचं नाव काढणार," तो म्हणाला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "काढायलाच हवं. कामच तसं होतं तिचं. उशिरा का होईना, सुचलं त्यांना."

गौरव नाही करणार, पुसून टाकणार आहेत, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सासूबाई पुन्हा भाजीकडे वळल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यातच थांबवून बातमी दिली. आता तर सांगणं आणखी अवघड झालं.

बायकोने शेवटचं उड्डाण केलं त्याला अकरा आठवडे झाले होते. ती जाऊन दहा.

दोघंही ड्रोन उडवायचे. तो पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे फोटो काढायचा. ती सवड मिळाली की तारा शोधायची. या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेल्या, कोणाच्याच कागदावर नसलेल्या. तार दिसली की नकाशावर पिवळी खूण करायची. कोणा नवख्याचं ड्रोन तारेत अडकून खालच्या माणसाच्या डोक्यात पडू नये, एवढंच तिचं म्हणणं. अशा दोनशे अकरा खुणा होत्या आणि प्रत्येकीखाली तिचं नाव. हल्ली कामावर असताना तो तारांपेक्षा ती नावंच जास्त बघायचा.

त्याने नकाशाच्या कचेरीत फोन केला. फोनवरच्या बाईंनी समजावलं की खुणा राहतील, फक्त नावं जातील, त्यात तुमचं काय नुकसान? त्याने विचारलं, हे ठरवलं कोणी. बाई म्हणाल्या, नकाशाने. मग मला नकाशाशीच बोलायला द्या, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिचं ड्रोन कपाटावर होतं. रिमोटमध्ये अजून तिचाच पायलट नंबर होता. दर रविवारी तो बॅटरी चार्ज करायचा आणि परत वर ठेवून द्यायचा. दुसऱ्याच्या नंबरावर उडवलं तर आपला परवाना सहा महिने बंद, हा नियम त्याला पाठ होता. आणि ड्रोन सोडून दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

"नाव जाऊ देणार नाही," असं तो रोज दाढी करताना आरशात बघून म्हणायचा. एकदा सासूबाईंनी ऐकलं. कोणाशी भांडताय, म्हणून विचारलं. नकाशाशी, तो म्हणाला. मग जपून भांडा, गाल कापाल, असं म्हणून त्या निघून गेल्या.

मुदत संपायला दोन दिवस उरले. बुधवारी वारा वाढला आणि पुलावरचं काम बंद ठेवावं लागलं. त्याच दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी नकाशावर बायकोच्या नावाचा ठिपका हिरवा झाला, म्हणजे तिचं ड्रोन हवेत होतं. सात मिनिटं हिरवा राहिला.

शुक्रवारी सकाळी नकाशाच्या कचेरीचा तपासनीस घरी आला. ओळखीचा होता, पहिल्यांदा ड्रोन हातात घेतलं तेव्हा तिच्याकडेच शिकलेला. सासूबाईंनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या.

तपासनीसाने फोनवर रेघ दाखवली. ती याच इमारतीच्या गच्चीवरून निघाली होती.

"ताई गेल्या, हे मला माहीत आहे. नकाशाला नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही लिहून द्या की नंबर चोरीला गेला. उड्डाण रद्द होईल, तुम्ही मोकळे."

"आणि नाव?"

"नाव उद्या जाईल."

"चोरी झालीच नाही असं लिहिलं तर?"

"तर ताईंच्या नंबरावरचं उड्डाण खरं धरतात, नकाशा फक्त नंबर बघतो. नाव राहील, आणखी तीन महिने. पण ज्याने उडवलं त्याचा परवाना बंद."

"मग लिहा. मी उडवलं."

सहा महिने घरात बसून काय करणार, तपासनीसाने विचारलं. डोकं ठिकाणावर आहे ना, तेही विचारलं. याने कागद पुढे ओढला. तपासनीसाने रेघ बोटांनी मोठी केली. बारा वर्षं हात बसलेला माणूस आणि ही असली वळणं, जरा चुकलं असतं तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी घेऊनच आला असतात, तो म्हणाला.

"वारा होता. हात थरथरला."

तपासनीसाने सही घेतली, परवान्याचं कार्ड घेतलं आणि दारात थांबून म्हणाला, की ताईंना हे आवडलं नसतं.

"तिने तुला पाणीसुद्धा विचारलं नसतं," याने सांगितलं आणि दार लावून घेतलं.

सासूबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. कोरडीच भांडी पुसत होत्या. तो स्टूल ओढून बसला.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी वळवताना रिमोटवरचा अंगठा एकदम सोडू नका."