कोरं लुगडं

बायकोचे फार तर दोन महिने उरलेत, असं अमरावतीच्या डॉक्टरनं बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा परतताना उत्तमरावांनी एक कोरं हिरवं लुगडं घेतलं. सवाशीण बाईला हिरव्या लुगड्यातच न्यावं लागतं. ऐनवेळी धावाधाव नको. घरी येऊन त्यांनी ते ज्वारीच्या कोठीत दडवलं.

तिसऱ्या दिवशी ज्वारी काढताना ते वच्छलाच्या हाती लागलं.

"कोणासाठी हो हे?"

"तुह्यासाठीच."

"मंग लपवलं कावून?"

उत्तमराव सांडलेली ज्वारी गोळा करू लागले. वच्छला काय ते समजली. आत गेली आणि तेच लुगडं नेसून बाहेर आली.

"मेल्यावर नेसून मी कोणाले दाखवू? चाला, बंडी जुंपा. अन् लेकीच्या लग्नासाठी ठेवलेलं ते धोतर तुमी बी नेसा."

तिवशाच्या बाजारात ती जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या मागे नाही, बरोबरीनं चालली. जिलबी खाल्ली आणि पाकाचे हात आधी आपल्या पदराला, मग त्यांच्या धोतराला खुशाल पुसले.

"झालं! आता हे मले नेसवता येत नाही. दुसरं आणा लागते."

दुसरं आणलं, ते नेसून ती चिखलदरा पाहून आली. मग तिसरं. आता उत्तमराव लुगडं लपवत नसत; हातात देऊन विचारत, "आज कुठी जाचं?"

पाचव्या महिन्यात ती गेली. बायांनी कोरं लुगडं मागितलं. उत्तमरावांनी पेटी उघडून दाखवली. घरात कोरं काहीच उरलं नव्हतं. त्यांच्या अंगावरच्या धोतरालाही जिलबीचा डाग होता.