गाडीचा घाम

"सील कशाला बदलतोस? इंजिन आहे, थोडा घाम येणारच," बाबा म्हणाले. पण त्यांच्या गाडीखाली ठिबकलेलं तेल रोज पुसून मी वैतागलो होतो. सुट्टी बघून घरीच काम काढलं. बेल्ट उतरवला, पुली काढली. आतलं ऑइल सील वाळक्या चामड्यासारखं कडक होऊन तडकलं होतं. "शाफ्टला ओरखडा पडू देऊ नकोस," बाबा डोक्यावर उभे राहून सांगत होते. नव्या सीलच्या कडेवरून तेलाचं बोट फिरवलं आणि लाकडी ठोकळा धरून, हलक्या हाताने ठोकत ते बसवलं. रात्री गाडीखाली टाकलेला पुठ्ठा सकाळी कोरा करकरीत निघाला.

"बघा बाबा, आता एक थेंब पडणार नाही."

"हं," म्हणाले आणि किल्ली घेऊन रोजच्यासारखे एकटेच फेरी मारायला गेले. बॅटरी उतरू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी ताईचा फोन आला. तिने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिचं नावसुद्धा त्यांना घरात चालत नाही. त्यामुळे ती माझ्याशीच बोलते. आज तिचा आवाज घाबरलेला होता.

"अरे, बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत. का गं?"

"आज आमच्या फाटकासमोर तेलाचे थेंब नाहीत."